समाधानकारक हवा

गल्लीत तिला सगळे नमस्कारबाई म्हणत. शहराच्या रेडिओवर सकाळच्या वेळी तिचा आवाज लागे आणि तो लागे तोच मुळी ‘नमस्कार’ या शब्दाने. मग तापमान, मग पाणी कुठे येणार नाही, रस्ता कुठे खणलाय आणि सगळ्यात शेवटी हवा. हवेचं वाक्य ती इतकं प्रसन्नपणे म्हणे, की ऐकणाऱ्याला उठून खिडकी उघडावी आणि छातीभर श्वास घ्यावा असं वाटे.

“आज शहराची हवा समाधानकारक आहे.”

आणि नेमक्या त्याच वेळी घरी तिच्या सासूबाई रेडिओशेजारी बसून खोकत असत.

खोकला आधी येऊन-जाऊन होता, तो आता वस्तीला आला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला आणि ते ‘घाबरण्यासारखं काही नाही, फक्त धुळीपासून जपा’ असं सांगून मोकळे झाले. परतताना सासूबाई रिक्षात धुसफुसत होत्या. “धुळीपासून जपा म्हणे! धूळ काय पाहुणी आहे, दारातून परत पाठवायला? मी टेबल पुसते आणि पाठ वळवते, तोवर ही हजर.”

“आई, तुम्ही बोलू नका, पुन्हा उबळ येईल.”

“न बोलता उबळ येत नाही असं डॉक्टर म्हणाला का? मग बोलू दे.”

सासूबाईंचा मुलगा, म्हणजे नमस्कारबाईंचा नवरा, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. माणूस शांत, हाताने नाजूक आणि तोंडाने कंजूष. त्याने रात्रीच्या जेवणावर एवढंच म्हटलं, “हवा गाळायचं यंत्र आणू या. आमच्याकडे घासकामाच्या टेबलापाशी आहे. फरक पडतो.”

रविवारी दोघं दुकानात गेली. दुकानाच्या पाटीवर नाव भारदस्त होतं, पण पंचक्रोशीत त्याला ओळखत ते गाळणीवाला म्हणून. पाण्याची, तेलाची, हवेची, जे जे म्हणून गाळता येतं त्याची गाळणी त्याच्याकडे मिळे. माणूस गोलमटोल, बोलका आणि गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारणारा.

“घर केवढं? खोली केवढी? आणि मुख्य म्हणजे, तुमच्याकडची हवा कशी?”

“हवेचं काय त्यात?” नमस्कारबाईंनी विचारलं.

“त्यातच सगळं आहे, ताई. गाड्यांचा धूर असेल तर कोळशाचा थर जाड लागतो. बारीक धूळ असेल तर घट्ट विणीची गाळणी लागते, हेपा म्हणतात ती, आणि तिच्यापुढे धुता येणारी जाळी. नुसतंच फुलांच्या परागांनी शिंका येत असतील तर हलकं यंत्र पुरतं. चष्म्यासारखंच आहे हे. नंबर सांगितल्याशिवाय काच कशी देऊ?”

नमस्कारबाई हसल्या. “हवेचा नंबर मला विचारता? समाधानकारक.”

तो शब्द कानावर पडताच गाळणीवाल्याने मान वर केली. “अरे! तुम्ही त्याच! रोज ऐकतो की तुम्हाला.” मग तो आत जाऊन एक गोंडस, पांढरं, उशीएवढं यंत्र घेऊन आला. “मग तुम्हाला हे पुरेल. साक्षात तुमच्याच तोंडून समाधानकारक हवा म्हटल्यावर जड यंत्र कशाला गळ्यात मारू?”

नवऱ्याने जड यंत्राकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बायको रोज सगळ्या शहराला जे सांगते, त्यावर दुकानात उभं राहून शंका घ्यायची म्हणजे घरी परतायची पंचाईत.

यंत्र सासूबाईंच्या खोलीत बसलं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, “टोपीत पंखा घातलाय, दुसरं काही नाही.” तरीही आठवडाभर खोकला जरा कमी झाल्यासारखा वाटला आणि घरात सगळ्यांनी तसं एकमेकांना सांगूनही टाकलं. मग यंत्रावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. त्याचा तांबडा व्हायला फार दिवस लागले नाहीत. यंत्र घरघरू लागलं, सासूबाईही घरघरू लागल्या आणि एका संध्याकाळी दोन्ही आवाज एका सुरात ऐकू आल्यावर नमस्कारबाईंनी तिरीमिरीत यंत्राचं झाकण उघडलं.

आतली गाळणी राखाडी झाली होती. वर्षभर चालेल म्हणून सांगितलेली गाळणी! हात लावला तर बोटं पिठात घातल्यासारखी माखली.

दुसऱ्या दिवशी रेडिओवरून सुटताच ती गाळणी पिशवीत घालून थेट दुकानात गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तिने त्यांच्यादेखत पिशवी गल्ल्यावर पालथी केली.

“ही वर्षभर चालणार होती ना? लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायचा धंदा आहे का तुमचा?”

गाळणीवाल्याने आधी दोन्ही गिऱ्हाइकांकडे ओशाळं हसून पाहिलं. मग कागद पसरून त्यावर गाळणी हलकेच आपटली. कागदावर पांढरट पूड साचली. त्याने ती चिमटीत चोळली.

“धूळ फेकलेली तर दिसतेच आहे, ताई. पण ती मी फेकलेली नाही. हे पराग नाहीत, धूरही नाही. हे सिमेंट आहे. तुमच्या घरामागे आहे तरी काय?”

“राडारोड्याचं यार्ड,” ती म्हणाली. “पाडलेल्या इमारतींचे तुकडे आणतात आणि यंत्रात घालून फोडतात.”

“उघड्यावर?”

“पत्रे लावलेत की चारी बाजूंनी.”

“वरून?”

“वर उघडंच आहे.”

“मग मला समाधानकारक कशाला सांगितलंत?” आता गाळणीवाल्याचा आवाज चढला. “नंबर तुम्ही चुकीचा सांगायचा, ठेच तुम्हाला लागायची आणि शिव्या मात्र चष्मेवाल्याला? माझं यंत्र बिचारं मरेपर्यंत लढलंय. त्याला मुंगीचं काम सांगून हत्ती ओढायला लावलंत तुम्ही!”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सगळ्यात वाईट म्हणजे त्या आगीला नेमकं कुठे जायचं तेच कळेना. गाळणीवाल्यावर ओरडावं तर त्याचं खरं होतं. तिने आकडा मनाने थोडाच काढला होता? रोज सकाळी हवाखात्याकडून कागद येई, त्यावर एक आकडा आणि एक शब्द असे आणि तो शब्द गेली कित्येक वर्षं एकच होता. मग चुकलं होतं कुणाचं?

गाळणीवाल्याचा राग लवकर ओसरे. त्याने कपाटातून एक डबीसारखं यंत्र काढलं. “हे हवा मोजतं. सरकारी यंत्राइतकं अचूक नाही, पण मुका माणूससुद्धा खुणेने सांगू शकतो, एवढं तरी सांगेल. घेऊन जा, चार दिवस घरात ठेवा आणि मग या. तोवर मी तुम्हाला काहीही विकणार नाही.”

डबी घरी आली. सासूबाईंना पलंगाशेजारी ठेवलेली ती डबी बेहद्द आवडली, कारण ती त्यांच्याशी सहमत होती. सकाळी यार्ड सुरू झालं की आकडा उड्या मारत वर जाई. मजुरांची जेवणाची सुटी झाली की खाली येई आणि पुन्हा चढे. रेडिओवर सून ‘समाधानकारक’ म्हणत असताना डबी तांबडीलाल होऊन चिरचिर आवाज करी. संध्याकाळी सून घरी आली की सासूबाई हिशेब सांगत.

“आज तू समाधानकारक म्हणालीस, आणि ही डबी अशी काही किंचाळली की मी दचकले. तुमच्या दोघींत खोटं कोण बोलतंय ते एकदा ठरवा बाई.”

बोलणं थट्टेतलं होतं, पण ते बोलताना त्यांना धाप लागत होती. सुनेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हाताखाली बरगड्या लागल्या.  त्या रात्री भांडी घासताना तिने अशी काही आदळआपट केली की नवरा स्वयंपाकघरात आला आणि मुकाट्याने फडकं घेऊन पुसायला उभा राहिला.

“उद्या मी हवाखात्यात जाणार आहे,” ती म्हणाली.

“जा,” तो म्हणाला. “पण आधी ते सरकारी यंत्र कुठे आहे ते बघून जा. आमच्याकडे मोजमाप चुकलं की आधी माप कुठून घेतलं ते विचारतात.”

कंजूष माणसाचं बोलणं मोजकं, पण उपयोगाचं असतं. तिने चौकशी केली. यंत्र होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तळ्याकाठच्या बागेत. ती बसने तिथे गेली. उंच झाडांच्या दाटीत, हिरवळीच्या मधोमध, कुंपणात एक स्वच्छ पांढरी पेटी उभी होती. तिच्या एका बाजूला कारंजं होतं. बाकावर एक आजोबा डोळे मिटून, नाकाने सावकाश श्वास घेत बसले होते. तिनेही घेतला. काय श्वास होता तो! छाती गार झाली. आणि त्याच गारव्यात तिला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. या हवेचा आकडा घेऊन ती रोज सकाळी राडारोड्यामागच्या, गिरणीमागच्या, बसथांब्यावरच्या माणसांना ‘तुमचं छान चाललंय’ म्हणून सांगत आली होती. तिच्या गोड आवाजाचा हवाखात्याने साखरेच्या पाकासारखा वापर केला होता, गोळीचा कडूपणा झाकायला.

हवाखात्याचं कार्यालय मुख्य चौकात होतं. खाली गाड्यांचा कल्लोळ, वर तिसऱ्या मजल्यावर साहेबांची खोली. साहेब सज्जन दिसत होते. त्यांनीही तिला आवाजावरून ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

“तुम्ही आमचा चेहरा आहात, मॅडम. म्हणजे, आवाज.”

“म्हणूनच आले. तुमचं यंत्र बागेत का आहे?”

“आधी इथेच होतं. या चौकात.” साहेबांनी खिडकीकडे बोट केलं. “पण इथे धूळ फार हो! यंत्र सारखं बिघडायचं. आत काजळी बसायची. शेवटी तज्ज्ञांचं मत पडलं, की यंत्र चांगल्या हवेत हलवावं. तेव्हापासून एकदासुद्धा बिघडलेलं नाही.”

हे त्यांनी अशा समाधानाने सांगितलं की ती क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिला वाटलं, आता हा माणूस हसेल आणि म्हणेल, गंमत केली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेतला.

“आणि यंत्राला जी हवा सोसली नाही, ती माणसांना सोसते?”

“माणूस चिवट असतो, मॅडम. सवय होते.”

तेवढ्यात तिच्या कानाला इतका वेळ जाणवत असलेला एक मंद आवाज नीट ऐकू आला. साहेबांच्या खुर्चीमागे, फायलींच्या कपाटाच्या आडोशाला, कमरेएवढं उंच यंत्र उभं होतं. हवा गाळायचं यंत्र. गाळणीवाल्याच्या दुकानात पाहिलेल्या सगळ्यात जड यंत्राचा हा थोरला भाऊ असावा. त्याच्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तिने खिडकीकडे पाहिलं. तावदानांच्या फटींना चिकटपट्टी लावली होती, नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

ती उठली. “हे बंद करा.”

“अं?”

“शहराची हवा समाधानकारक आहे ना? तुम्हीच लिहून पाठवता. आज सकाळीही पाठवलंत, मी वाचलं. मग हे बंद करा आणि खिडकी उघडा. आपण दोघं समाधानाने चहा पिऊ.”

साहेबांचा कप बशीवर वाजला. “तसं नाही, मॅडम. ते कार्यालयीन गरजेनुसार—”

“माझ्या सासूबाईंची गरज कोणत्या कार्यालयात मांडू? तुम्ही सांगितलेल्या शब्दावर विसंबून मी त्यांच्यासाठी यंत्र घेतलं. हलकं घेतलं, कारण तुम्ही म्हणालात हवा बरी आहे. तुम्ही स्वतःसाठी घेतलंत तेव्हा कुणाच्या शब्दावर विसंबलात? बागेतल्या आकड्यावर विसंबला असतात तर हे घेतलंच नसतं. म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे! स्वतःच्या नाकापुरतं तुम्हाला सगळं नीट ठाऊक आहे!”

बाहेर टंकलेखनाचा आवाज थांबला होता. दारात शिपाई कप न्यायला रिकामा ट्रे घेऊन उभा होता आणि आत यावं की नको या विचारात होता.

ती खिडकीपाशी गेली. चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं आणि ओढलं. चर्र आवाज करत ती लांबच लांब निघून आली. तिने तावदान ढकललं. चौकातला धूर, धूळ आणि भोंग्यांचा गोंगाट एकदम आत शिरला. साहेबांनी नकळत रुमाल नाकाला लावला. खुर्चीमागच्या यंत्राचा हिरवा दिवा पिवळा झाला, पाहता पाहता तांबडा झाला आणि ते मोठ्याने घरघरू लागलं.

“बघा,” ती म्हणाली, “तुमच्या खात्यात खरं बोलणारं हे एकटंच आहे.”

ती बसने घरी निघाली. जन्मात कुणाच्या खोलीत जाऊन ती असं बोलली नव्हती. भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. राग याचा, की बोलून काहीच होणार नव्हतं. साहेबांनी आत्तापर्यंत खिडकी बंद करून नवी पट्टीही लावली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आला. आकडा एक, शब्द तोच. ती ध्वनिकक्षात बसली, नमस्कार म्हणाली, तापमान सांगितलं, पाणी सांगितलं, रस्ते सांगितले. मग हवेपाशी आली आणि एक श्वास जास्त घेतला.

“आज तळ्याकाठच्या बागेतली हवा समाधानकारक आहे. शहराच्या बाकी भागातली हवा मोजलेली नाही.”

बस, एवढंच. गाणं लागलं. काचेपलीकडे ध्वनियंत्रावर बसलेला तंत्रज्ञ तिच्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता.

केंद्रप्रमुखांनी तिला बोलावलं तेव्हा हवाखात्याचा फोन येऊन गेला होता. केंद्रप्रमुख भला माणूस होता, पण त्याचा भलेपणा सावलीसारखा होता, ऊन बदललं की सरकणारा.

“कागदात नसलेलं वाक्य तुम्ही वाचलंत.”

“खोटं होतं का?”

“खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही. कागदाचा प्रश्न आहे. आपण वाचणारे. आपण कुठे हवा मोजतो?”

“मग न मोजता सांगतो तरी कशाला?”

ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्याकडे अधिकार असतो. सकाळचं काम तिच्याकडून काढून घेतलं. तिला दुपारच्या फर्माइशी गाण्यांवर बसवलं. सुस्तावलेली वेळ, जेवून आडवं होताना ऐकायची गाणी, मधेमधे श्रोत्यांचे निरोप. सकाळी दुसराच कुणी नमस्कार म्हणू लागला आणि शहराची हवा पुन्हा समाधानकारक झाली.

घरी ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. “दुपारच्या गाण्यांत वाईट काय आहे? मला तर सकाळच्या तुझ्या त्या पाणीकपातीपेक्षा गाणी आवडतात.”

“आई, शिक्षा आहे ती.”

“शिक्षा त्यांनी दिली म्हणून तू घ्यायलाच पाहिजे, असं कुठे आहे?”

 नमस्कारबाई चहा प्याल्या.

आणि मग निरोप येऊ लागले. आधी एक आला, गिरणीमागच्या वस्तीतून. एका बाईने जुन्या गाण्याची फर्माइश केली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘बागेतली हवा सांगितलीत, बरं झालं. आमच्याकडची आम्ही सांगतो. आज दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर काळी होऊन आत आली.’ नमस्कारबाईंनी गाण्याच्या आधी हा निरोप जसाच्या तसा वाचला. श्रोत्यांचे निरोप वाचायचे, हेच तर कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ढीग आला. बसथांब्याजवळच्या न्हाव्याने लिहिलं की गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावेपर्यंत साबण राखाडी होतो. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं की मैदानावर धावायच्या स्पर्धेत मुली अर्ध्यात खाली बसल्या. कुणाच्या बाळाला वाफ द्यावी लागत होती. कुणी नुसतंच लिहिलं होतं, ‘आमच्या गल्लीत आज आकाश दिसलं. कळवावंसं वाटलं.’ गाणं, निरोप, गाणं, निरोप. दुपारी आडवं व्हायची माणसं उठून बसली. दुकानांतून, रिक्षांतून, शिवणाच्या यंत्रांशेजारी तो कार्यक्रम लागू लागला. केंद्रप्रमुख दोनदा ध्वनिकक्षाच्या दारापर्यंत आला आणि दोनदा परत गेला. श्रोते एवढे वाढले होते की जाहिरातवाले रांग लावून उभे होते. ऊन बदललं होतं.

हवाखात्याने आधी खुलासा काढला. मग दुसरा खुलासा काढून पहिल्याचा खुलासा केला. शेवटी गिरणीमागच्या बायका, न्हावी आणि शाळेतल्या बाई साहेबांच्या खोलीसमोर बसल्या, आणि येताना सगळ्यांनी आपापल्या घरच्या काळ्या पडलेल्या चादरी आणून जिन्याच्या कठड्यावर वाळत घातल्या. त्यानंतर हालचाल झाली. गिरणीपाशी एक आणि राडारोड्याच्या यार्डाशेजारच्या शाळेच्या गच्चीवर एक, अशा दोन नव्या पेट्या बसल्या. पहिल्याच सकाळी शाळेच्या गच्चीचा आकडा रेडिओवर वाचला गेला आणि त्याच्यापुढे शब्द होता ‘अतिशय वाईट’. यार्डाच्या मालकाला वर छप्पर घालायची आणि फोडताना पाणी मारायची सक्ती झाली. छप्पर अर्धंच झालं. पाणी कधी मारत, कधी नाही. आणि साहेबांना बढती मिळाली. हवेचा प्रश्न धडाडीने हाताळल्याबद्दल!

ती बातमी ऐकून नमस्कारबाई इतक्या चिडल्या, की नवऱ्याने त्यांच्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला.

मधल्या काळात त्या गाळणीवाल्याकडे जाऊन आल्या होत्या. डबीतले आकडे पाहून त्याने घट्ट विणीची गाळणी असलेलं जड यंत्र दिलं, पुढे धुवायच्या जाळीचं. “कोळशाचा थर तुम्हाला नको, उगाच भर. धूर तुमच्याकडे कमी आहे. यार्ड चालू असताना खिडकी बंद, यंत्र जोरात. यार्ड थांबलं की खिडकी उघडायची, माणसाला मोकळी हवाही लागते. जाळी दर आठवड्याला धुवा.” जुनं यंत्र त्याने तक्रार न करता परत घेतलं आणि म्हणाला, “ताई, तुमच्या कार्यक्रमामुळे माझं दुकान भरलंय. लोक येतात आणि गल्लीचं नाव सांगूनच गाळणी मागतात.”

त्याला वाटलं होतं, बाई खूश होतील. त्या भडकल्या. “यात आनंद कसला? ज्याने धूळ उडवायची त्याने उडवावी आणि ज्याच्या नाकात जाते त्याने गाळणी घ्यावी? आणि ज्याला गाळणी परवडत नाही त्याने काय करायचं? श्वास घ्यायचा थांबवायचा?”

गाळणीवाला खरोखरच ओशाळला. थोडा वेळ कागदाशी चाळा करून म्हणाला, “ते माझ्या हातात नाही, ताई. पण शाळेला एक यंत्र देतो. पैसे नकोत. लहानांच्या वर्गात ठेवा.”

“एकाने काय होणार?”

“एका वर्गाचं होईल,” तो म्हणाला. 

सासूबाईंचा खोकला गेला नाही, पण त्याने वस्ती सोडली आणि तो पुन्हा येऊन-जाऊन झाला. नव्या यंत्रालाही त्यांनी नाव ठेवलंच. “हा मोठा टोपीवाला. पण झोप लागते याच्या आवाजात.”

एका शनिवारी सकाळी नमस्कारबाई गच्चीत जाळी धूत होत्या. पाणी राखाडी होऊन नळीतून वाहत होतं. खाली गल्लीत एक ट्रक वळला. राडारोड्याने शिगोशीग भरलेला, वर काही झाकलेलं नाही, प्रत्येक खड्ड्याला पांढरा लोट सोडत. त्यांनी जाळी तशीच टाकली आणि ओल्या हातांनी, पायांत चपला न घालता जिना उतरल्या. ट्रक यार्डाच्या फाटकाशी पोहोचायच्या आत त्या त्याच्यापुढे उभ्या होत्या.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. “ओ बाई! मरायचंय का?”

“तेच थांबवायला आलेय. ताडपत्री कुठे आहे?”

“आहे की, सीटखाली.”

“सीटला सर्दी होते का? काढा आणि बांधा.”

“अहो, आता पोहोचलोच की. दहा पावलं राहिलीत!”

“या दहा पावलांवर माझं घर आहे,” ती म्हणाली. “बांधा.”

मागे दोन रिक्षा खोळंबल्या होत्या. एक रिक्षावाला उतरून आला. त्याने एकदा बाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, एकदा ट्रककडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “चल रे, एक टोक मी धरतो.” ड्रायव्हर पुटपुटत खाली उतरला. सीटखालून ताडपत्री निघाली, कोरी करकरीत, घडी न मोडलेली. दोघं चाकावर पाय देऊन वर चढले. वरच्या खिडकीतून सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“मागचं टोक सुटलंय!” त्या ओरडल्या. “अरे, ते नाही, पलीकडचं!”

“आई, खिडकी लावा आधी!” सून खालून ओरडली. “यार्ड चालू आहे!”

“लावते गं! आधी याला नीट बांधू दे.”